शू धरून ठेवणाऱ्या मुलांना सैल सोडायला शिकवताना

मी फिजिओथेरपिस्ट आहे, अमळनेरला काम करते. माझ्याकडे येणाऱ्या आयांचं पहिलं वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं: "मॅडम, हिचा खालचा भाग कमजोर आहे, व्यायाम सांगा." मुलगी सहा-सात वर्षांची, अंगात गणवेश, आणि मधल्या सुट्टीपर्यंत चड्डी ओली. सोबतची आजी हळूच म्हणते, "ती मुद्दाम करस." दोघींना मी आधी एवढंच सांगते, की ती मुद्दाम करत नाही आणि तिचे स्नायू बहुतेक वेळा कमजोरही नसतात. ते आवळून बसलेले असतात.

माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते. तिला पेल्व्हिक फ्लोअर म्हणतात. शू करताना मूत्राशय आवळतं आणि त्याच वेळी ही झोळी सैल पडावी लागते. तासन् तास दाबून धरायची सवय लागलेल्या मुलाला ती सोडताच येत नाही. धार अडखळते, थोडी शू आत राहते, थोड्याच वेळात पुन्हा घाई होते. मग मूल पाय आवळतं, नाचतं, टाच खाली दाबून मटकन बसतं. आपण त्याला खेळकरपणा समजतो.

सुरुवातीला मीही मोठ्या बायकांचे आवळायचे व्यायाम मुलांना द्यायचे. पारोळ्याकडची एक मुलगी महिनाभर मन लावून ते करत होती आणि तिची शू आणखी अडकायला लागली. त्याची खंत मला आजही आहे. तेव्हापासून माझा क्रम ठरला: आधी पोट साफ, मग बसणं, मग सैल सोडणं, आवळणं सगळ्यात शेवटी.

सुरुवात मात्र बालरोगतज्ज्ञांपासून करा. लघवीची तपासणी होऊ द्या. ताप, जळजळ, मुलाची धार अगदी बारीक, मुलगी नीट शू करूनही दिवसभर थेंब थेंब गळते, कमरेच्या खाली केसांचा पुंजका किंवा खळगा, चालण्यात बदल, यातलं काही असेल तर व्यायामात वेळ घालवू नका. कोरडं राहणारं मूल अचानक ओलं व्हायला लागलं, खूप पाणी पितंय आणि वाळतंय, तर त्याच दिवशी साखर तपासा. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला पुढच्या व्यायामांची घाई नको. फक्त रात्रीच अंथरूण ओलं होत असेल तर तो विषय वेगळा, त्याचे उपाय वेगळे.

मग दोन दिवस वही ठेवा. सुट्टीचे दिवस बरे. मापाचा प्लॅस्टिकचा जग घ्या आणि किती वाजता, किती मिली, मध्ये कधी ओलं झालं, शी कशी झाली, सगळं लिहा. मूत्राशयात किती मावायला हवं याचा ढोबळ हिशेब असा: वयात एक मिळवा आणि ३० ने गुणा. सात वर्षांच्या मुलाचं साधारण २४० मिली. दर वेळी साठ-सत्तरच निघत असेल किंवा दिवसातून तीनदाच शू होत असेल, तर ती वही डॉक्टरांना आणि आम्हाला खूप काही सांगते.

पोटाकडे घरात कोणी पाहत नाही. आतड्यात शी साठली की ती शेजारच्या मूत्राशयाला दाबते, आणि शी धरायला तेच स्नायू आवळले जातात. रोज शी होते म्हणजे पोट साफ आहे असंही नाही. खडे खडे होत असतील तर बद्धकोष्ठ आहेच. कळण्याची भाकरी, पालेभाजी, पिकलेलं केळं, पेरू द्या. बिस्किटं, शेव आणि पेल्यांवर पेले दूध कमी करा. जेवल्यावर पाच-दहा मिनिटं संडासात निवांत बसवा. डॉक्टरांनी पोट साफ व्हायचं औषध दिलं तर दोन दिवस बरं वाटलं म्हणून बंद करू नका, ते कधी कधी महिनोन् महिने लागतं.

आता बसणं. आपला उकिडवा संडास खरं तर चांगला, पण लहान मुलं आत पडायच्या भीतीने टाचा उचलतात आणि दाराला धरून बसतात. तशात काही सैल पडत नाही. टाचा टेकवा, हाताला आधार द्या. कमोडवर पाय लोंबकळत असतील तर खाली स्टूल ठेवा, वर लहान मुलांची रिंग बसवा. चड्डी गुडघ्यात अडकवून नको, पूर्ण काढा. गुडघे लांब, अंग किंचित पुढे. मुली मांड्या जवळ घेऊन बसल्या तर थोडी शू योनीत जाते आणि उठल्यावर गळते. कित्येकींचं "ओलं होणं" एवढ्यानेच कमी होतं.

सैल सोडणं शब्दांनी कळत नाही. मी टेबलावर कापूस ठेवते, आपल्याकडे त्याला काय तोटा! मूल मूठभर कापूस घट्ट दाबतं, मग हळू मूठ उघडतं, आणि कापूस आपोआप फुगून वर येतो. "खाली पण असंच सोड," म्हटलं की चेहऱ्यावर कळल्याचं दिसतं. मग उताणं झोपवून पोटावर कागदाची होडी ठेवा. श्वास घेताना होडी वर, सोडताना खाली, रोज पाच मिनिटं. शू करताना भिरभिऱ्यावर किंवा साबणाच्या फुग्यांवर लांब फुंकर मारायला द्या, जोर लावू देऊ नका. झाल्यावर उठून दोन फेऱ्या मारून पुन्हा बसायचं, उरलेली निघते. मधेच शू थांबवून बघण्याचा व्यायाम मुलांना कधीच देऊ नका.

हे जमल्यावरच आवळणं शिकवायचं: पाद अडवतो तसं, मोजून तीनपर्यंत धरायचं, सहापर्यंत सोडायचं. हे आम्ही मुलाला तपासल्यावरच. काही ठिकाणी त्वचेला चिकटवायचे सेन्सर लावून पडद्यावर स्नायू दाखवतात, त्याला बायोफीडबॅक म्हणतात. दुखत नाही, आणि मुलं ते आवडीने करतात.

शू दर दोन-अडीच तासांनी, लागली नसली तरी. शाळेतला संडास घाण म्हणून मुलं सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मार्च-एप्रिलच्या आपल्या उन्हात त्याने लघवी दाट होते, जळजळते. सहा-सात पेले पाणी दिवसभरात वाटून द्या, चहा आणि कोल्ड्रिंक बंद. वर्गशिक्षिकेला एकटीला भेटून सांगा, मुलासमोर नको. दप्तराच्या आतल्या कप्प्यात एक चड्डी आणि पिशवी ठेवा. ओलं झालं तर बदलायचं, बादलीत टाकायचं, त्यावर घरात चर्चा नाही.

दोन-तीन महिने धरा, काहींना सहा लागतात. दिवाळीत, लग्नसराईत वेळा मोडतात आणि पुन्हा ओलं होतं. तेव्हा घाबरून नवे व्यायाम शोधू नका. वही काढा, आधी पोट पाहा, आणि आठवडाभर पुन्हा वेळेवर बसवा.