हीट पंपाचं गरम पाणी: कोकणात या चुका टाळा

थंड देशांत हीट पंपावर, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढणाऱ्या विजेच्या यंत्रावर, अख्ख्या इमारती ऊबदार ठेवतात. आपल्याकडे हर्णैपासून तारकर्लीपर्यंत त्याचा खरा उपयोग पाहुण्यांच्या अंघोळीच्या पाण्यासाठी. 300 लिटर पाणी 27 वरून 55 अंशांवर न्यायला साध्या गीझरला साधारण 10 युनिट लागतात, हीट पंपाला 3 च्या आसपास. उरलेली उष्णता तो हवेतून ओढतो. म्हणून बिघाड शोधताना आधी हवेचा येण्याजाण्याचा मार्ग तपासा.

चोरीच्या किंवा पावसाच्या भीतीने यंत्र बंद खोलीत ठेवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. पंख्यातून निघालेली गार हवाच पुन्हा आत खेचली जाते आणि पाणी तापायला बराच जास्त वेळ लागतो. यंत्र चालू असताना हवा आत जाते तिथे थर्मामीटर धरा. अंगणापेक्षा 4-5 अंश कमी दिसले, तर जागा चुकली. पागोळ्या अंगावर येणार नाहीत अशी उघडी पडवी उत्तम, आणि ती पूर्वेकडची. पश्चिमेचा खारा वारा थेट लागला की तांब्याच्या नळीला टेकलेल्या ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांवर पांढरी भुकटी धरते, मग ते बोटाने चुरतात. घेतानाच गंजरोधक लेप दिलेली कॉइल (नळी आणि पापुद्र्यांची ही जाळी) मागा. महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने कॉइल धुवा. प्रेशर पंप लावलात तर पापुद्रे वाकतात.

तापमान 65-70 वर ठेवू नका, कॉम्प्रेसरवर ताण येतो आणि वीजही जास्त जाते. रोजच्याला 55 पुरे, आठवड्यातून एकदा जंतू मारायला 60. यंत्र दुपारी चालवा, तेव्हा हवा तापलेली असते. टाकीतला विजेचा रॉड कायम चालू राहिला असेल, तर बिल गीझरइतकंच येणार.

पावसाळ्यात खाली पाणी टपकतं ते बहुधा हवेतल्या दमटपणाचं. ती गळती नव्हे, फक्त निचऱ्याची नळी मोकळी ठेवा.

यंत्रातला उष्णता वाहून नेणारा गॅस कमी झाला म्हणून नुसता भरून घेऊ नका. बंद चक्रातला गॅस आपोआप संपत नाही. सांध्यांवर तेलकट डाग शोधा, साबणाचा फेस लावून बघा, गळती बुजवून व्हॅक्यूम करा (नळ्यांतली हवा पंपाने काढून घ्या) आणि मगच वजनाने गॅस भरा.