गावाकडच्या बातमीचा जुना फोटो: आधी पाठ, मग स्कॅनर

पोळा, आठवडी बाजार, सार्वजनिक विहिरीचं उद्घाटन, कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग. नागपूर जिल्ह्यातल्या काटोल, उमरेड, रामटेककडच्या जुन्या वार्ताहरांच्या आणि स्टुडिओवाल्यांच्या पेट्यांतून असे फोटो निघतात. मग कोणीतरी मोबाइलने समोरची बाजू टिपतो, ग्रुपवर टाकतो आणि काम संपलं असं समजतो. बातमीच्या फोटोची अर्धी माहिती पाठीवर असते, ती तशीच राहून जाते.

म्हणून पहिलं काम प्रिंट उलटी करण्याचं. पाठीवर चिकटवलेली ओळीची (फोटोखाली छापायच्या मजकुराची) चिठ्ठी, स्टुडिओचा शिक्का, तारीख, 'तीन कॉलम' असा छापायच्या रुंदीचा लाल पेन्सिलीचा शेरा, जे असेल ते जसंच्या तसं उतरवून घ्या. चुकलेलं शुद्धलेखनही तसंच ठेवा. तारीख फोटो काढल्याची की छापल्याची, हे लगेच ठरवू नका. बाहेरगावचा फोटो एसटीने कार्यालयात पोचून छापला जाईपर्यंत दोन-तीन दिवस सहज जात. समोर काटछाटीच्या रेघा असतील तर त्या पुसू नका. रेघेबाहेरचा भाग वर्तमानपत्रात आलाच नव्हता, आणि गावाच्या नावाची पाटी नेमकी तिथेच सापडते.

हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावं. मे महिन्यात प्रिंट कोरडी पडून गुंडाळते आणि हाताने सरळ करायला गेलं की वरचा थर तडकतो. त्यावर उपाय म्हणून कूलरसमोर पेटी उघडणं तर त्याहून वाईट, कारण ती हवा ओली असते. पावसाळ्यात बुरशी आणि एकमेकांना चिकटलेल्या प्रिंटा. चिकटलेल्या ओढून सोडवू नका, पाण्यात बुडवायचा प्रयोगही घरी नको, जाणकाराकडे द्या. गंजलेली स्टेपलर पिन उपसू नका. तिच्याखाली प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवा आणि टोकं हळूच उघडा. कात्रण फोटोला लावून ठेवलेलं असेल तर वेगळं करा, वर्तमानपत्री कागदातलं आम्ल फोटोवर पिवळा डाग पाडतं. काचेला चिकटलेला फोटो काचेसकट स्कॅन करा. लॅमिनेशन कधीच नको.

स्कॅन दोन्ही बाजूंचा आणि दोन्ही रंगीत करा, फोटो कृष्णधवल असला तरी. लाल पेन्सिल आणि तपकिरी डाग रंगातच वेगळे कळतात. ८ बाय १० इंची प्रिंटला ६०० डीपीआय (इंचाला ठिपके) पुरतं, ४ बाय ६ ला १२००, तर ३५ एमएम निगेटिव्हला ३२०० च्या आसपास. मूळ फाइल टिफ (दर्जा न घटवणाऱ्या) प्रकारात ठेवा. ८ बाय १० ची एक बाजू साधारण ८६ एमबी होते, त्यामुळे हार्ड डिस्कचा हिशेब आधीच करा. निगेटिव्हच्या डब्यातून आंबट वास येत असेल तर फिल्म खराब व्हायला लागली आहे. ती बाकीच्यांपासून दूर, कागदी पाकिटात ठेवा आणि सगळ्यात आधी स्कॅन करा.

आता साल आणि जागा. खरी मजा इथे आहे. भिंतीवर रंगवलेलं निवडणूक चिन्ह पाहा. काँग्रेसची बैलजोडी १९६९ च्या फुटीपर्यंत होती, १९७१ च्या निवडणुकीला गाय-वासरू आलं, १९७८ पासून पंजा. पण भिंतीवरचा रंग वर्षानुवर्षं टिकतो. गाय-वासरू दिसलं तर फोटो १९७१ च्या आधीचा नाही, एवढंच म्हणता येतं. दुकानाच्या पाटीवर पिन कोड असेल तर १९७२ च्या ऑगस्टनंतरचा. जीपवर नागपूरचा 'एमएच ३१' क्रमांक असेल तर १९८९ नंतरचा. खरेदी केंद्राबाहेर कापसाच्या बंड्यांची लांब रांग दिसली की १९७२ साली सुरू झालेली एकाधिकार खरेदी (कापूस फक्त सरकारनेच घ्यायचा) आठवावी, मात्र रांगा सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याबाहेरही लागत, त्यामुळे फाटकावरची पाटी वाचल्याशिवाय लिहू नका. भावाच्या पाटीवरच्या आण्यांवर फार विसंबू नका. नवे पैसे १९५७ ला आले, तोंडातले आणे पुष्कळ नंतरही गेले नाहीत.

महिना पिकावरून लागतो. संत्र्याचे ढीग आणि माणसांच्या अंगावर स्वेटर असतील तर बहुधा आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्यात उतरणारी फळं. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हातले ढीग मृग बहाराचे. खऱ्या बैलांच्या अंगावर झूल, वर तोरण, तर मोठा पोळा, श्रावण अमावस्येचा. पोरांच्या हातात चाकाचे लाकडी बैल, तर दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा. 'पोळा, १९७४' एवढंच लिहिलेलं असलं तरी त्या सालचं पंचांग उघडलं की तारीख मिळते.

माणसं ओळखायला फोटो मोबाइलवर दाखवू नका. ए-फोर आकाराची प्रिंट काढून न्या. "काकाजी, हा कोण?" असं विचारलं की उत्साहात कोणाचंही नाव येतं. "काकाजी, हा पार तेव्हा आखराच्या कोणत्या बाजूला होता?" इथून सुरुवात करा (आखर म्हणजे गावची गुरं जमायची जागा), जागा लागली की माणसं आपोआप आठवतात. दोघांना वेगवेगळं विचारा, एकत्र बसवलं की दुसरा पहिल्याच्या होला हो करतो. कोणी काय सांगितलं आणि कधी, ते नोंदवून ठेवा.

नोंद युनिकोडमध्ये टाइप करा. कृतिदेव या जुन्या फॉन्टमधली ओळ दुसऱ्या संगणकावर निव्वळ कचरा दिसते. प्रिंटेवर लिहायचंच झालं तर मऊ पेन्सिलीने, पाठीच्या कडेला; बॉलपेनचा वळ समोर उमटतो. स्कॅनच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. व्हॉट्सअॅपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर फोटो दाबला जातो. आणि प्रिंट हाती आली म्हणजे छापायचा हक्क मिळाला असं नाही. छायाचित्रकाराची किंवा त्याच्या वारसांची, लागलं तर वर्तमानपत्राचीही, लेखी परवानगी घ्या.

ओळ लिहिताना खात्री आणि अंदाज वेगळे दिसू द्या. नमुना असा: 'आठवडी बाजार, मिरचीची पोती, मागे एसटी थांबा. भिंतीवर गाय-वासरू, म्हणून १९७१ किंवा नंतर. गाव भिवापूर असावं. दोघांना विचारलं, एकानेच ओळखलं.'