निष्ठा मोजायची तर आधी सुपरवायझरला बाहेर पाठवा

कामगारांची कंपनीवरची निष्ठा मोजायला मी नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका युनिटात पहिल्यांदा प्रश्नावली घेऊन गेले, तेव्हा सुपरवायझरनेच फॉर्म वाटले अन् त्यानेच गोळा केले. ‘ही कंपनी मला आपली वाटते’ याला सातपैकी सात. खाली ‘या कंपनीबद्दल मला जिव्हाळा नाही’ यालाही सात! सगळा गठ्ठा रद्दीत.

म्हणून उलट अर्थाची दोन-चार वाक्यं ठेवाच, पण सोपी. त्यांचे गुण आठातून वजा करून घ्यायचे; सातचा एक होतो.

काय मोजतोय, हे आधी ठरवा. मायर आणि ॲलन या कॅनडातल्या संशोधकांनी 1991 साली बांधिलकीचे तीन पदर मांडले: मन लागलंय म्हणून राहणं, सोडणं परवडत नाही म्हणून राहणं, सोडणं बरं दिसत नाही म्हणून राहणं. त्यांच्या 1993 च्या प्रश्नावलीत प्रत्येक पदराला सहा वाक्यं आहेत. तिन्हींची बेरीज करून एकच आकडा काढू नका, तिथेच सगळी माती होते. ग्रॅच्युइटीसाठी पाचवं वर्ष कसंबसं काढणारा आणि मशीनवर जीव असलेला, दोघंही हजेरीपटावर सारखेच दिसतात.

भाषांतर एकाकडून करून घ्या, अन् मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याकडून ते परत इंग्रजीत न्या. दोन्ही इंग्रजी ताडून पाहा. नागपुरात हिंदी फॉर्मही लागतोच. ‘निष्ठा’ हा शब्द मात्र फॉर्मवर कुठेच नको. एका फिटरभाऊंनी मला विचारलं होतं, “काहून मॅडम, चोरी झाली का?”

ठेकेदारी कामगारांचं वेगळंच. त्यांची ‘कंपनी’ कोणती, पगार देणारा ठेकेदार की जिथे घाम गाळतात ते युनिट? फॉर्मवर नाव छापून टाका, नाहीतर अर्धे एकाबद्दल लिहितात, अर्धे दुसऱ्याबद्दल.

बोनसचा आठवडा टाळा. मे महिन्यात शिफ्ट सुटताना तर कुणाला थांबवूच नका. पत्र्याच्या शेडमधून निघालेला माणूस कशावरही टिक करतो. जेवणाच्या सुट्टीनंतरची वीस मिनिटं मालकाकडून कामाच्या वेळेतच मागून घ्या. कुलूपबंद डबा ठेवा, नाव विचारू नका. विभाग, वय, नोकरीची वर्षं हे तिन्ही एकत्र विचारलंत तर चाळीस जणांच्या युनिटात नाव न लिहिताही माणूस ओळखू येतो. मी आता वयच गाळते.

एका विभागात जिव्हाळा जास्त निघाला, तर तो तिथल्या प्रशिक्षणामुळेच असं लगेच लिहू नका. कदाचित रमलेलेच लोक तिथे टिकले असतील. सहा महिन्यांनी पुन्हा मोजा.

मूळ फॉर्म मालकाला दाखवायचे नाहीत, हे पहिल्याच चहाला लेखी घ्या. दुसऱ्या युनिटात मी ते घेतलं होतं, तरी शेवटच्या दिवशी साहेबांनी हळूच विचारलंच, “सातपैकी दोनच कोणी दिले, तेवढं सांगा ना.”