आरोग्य माहिती एक्सचेंज जोडताय? केसपेपरच्या खिडकीपासून होणाऱ्या या चुका टाळा

आरोग्य माहिती एक्सचेंज म्हणजे एका रुग्णालयातलं रेकॉर्ड रुग्णाच्या संमतीने दुसरीकडे दिसावं म्हणून केलेली जोडणी. त्यात ‘रिपोर्ट दिसत नाही’ अशी तक्रार आली की पहिला फोन सर्व्हरवाल्याला जातो. बहुतेक वेळा सर्व्हर ठणठणीत असतो. बिघाड असतो केसपेपरच्या खिडकीवर नाहीतर लॅबच्या टेबलावर. सोलापूरसारख्या जिल्ह्यात, म्हणजे अकरा तालुके, मराठी-तेलुगू-कन्नड-उर्दू नावं आणि वारीची गर्दी अशा ठिकाणी, हे बिघाड कुठे लपतात ते इथे सांगतो.

सगळं एकाच गोदामात भरण्याची हौस

राज्याचं एक्सचेंज म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर मोठा डेटाबेस येतो: सगळ्या रुग्णालयांची माहिती उचलायची आणि एका जागी ओतायची. तसं करू नका. २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनची रचना उलट आहे. रेकॉर्ड ज्या रुग्णालयात तयार झालं तिथेच राहतं. मधली यंत्रणा फक्त ते कुठे आहे ते दाखवते आणि रुग्णाच्या संमतीची नोंद ठेवते. गोदाम केलं तर प्रती शिळ्या होतात, मूळ रिपोर्ट दुरुस्त झाला तरी प्रतीत चूक तशीच राहते, आणि एक कुलूप फुटलं की सगळ्यांचंच उघडं पडतं.

राज्याचा वेगळा रुग्ण क्रमांक काढायचाही मोह होतो. सोलापुरात तो लगेच अंगलट येईल. इंडी, चडचण, आळंद भागातले रुग्ण इकडे येतात, अक्कलकोटचे कलबुर्गीला जातात. सीमेपलीकडे आपला क्रमांक कोण ओळखणार? डिजिटल मिशनमध्ये रुग्णाला मिळणारा १४ अंकी आभा क्रमांक वापरा आणि रुग्णालयाचा स्वतःचा नोंदणी क्रमांक सोबत ठेवा. आभा ऐच्छिक आहे, त्यामुळे तो रकाना सक्तीचा करू नका. सक्ती केली की खिडकीवरचा माणूस रांग हलवायला कुणाचाही क्रमांक टाकतो, आणि ते निस्तरायला महिने जातात.

एकाच बाईचे चार केसपेपर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आधार कार्डावर ‘लक्ष्मीबाई नरसय्या येमूल’, दवाखान्यात ‘लक्ष्मी येमुल’, लॅबमध्ये ‘यमूल लक्ष्मीबाई’, आणि तेलुगू पद्मशाली घरांतल्या रीतीप्रमाणे आडनाव आधी घालून पूर्ण नाव लिहिलं की चौथा प्रकार. नरसय्याचेही नरसैया, नरसया असे अवतार होतात. साउंडेक्स ही उच्चारावरून नावं जुळवण्याची पद्धत इंग्रजी नावांसाठी बनवलेली, ती इथे चालत नाही. त्याऐवजी तुलनेपुरता नावाचा सांगाडा काढा: ऱ्हस्व-दीर्घ एक माना, जोडाक्षरातलं दुहेरी व्यंजन एकेरी करा, ण-न, ळ-ल, श-ष-स एकत्र धरा, ‘बाई’, ‘राव’, ‘अप्पा’ बाजूला काढा, शब्दांचा क्रम सोडून द्या. हा सांगाडा फक्त संभाव्य जोड्या शोधायला वापरा. निर्णय त्यावर घ्यायचा नाही, आणि मूळ नाव कधीच बदलायचं नाही.

जन्मतारखेवर तर अजिबात विसंबू नका. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावलेली माणसं गल्लोगल्ली आहेत, आणि आधारवर नुसतं वर्ष सांगितलेल्यांच्या नावापुढे १ जानेवारी बसलेली असते. या दोन तारखांना जुळणीत शून्य गुण द्या. फक्त जन्मवर्ष बघा आणि त्यातही दोन वर्षांची सूट ठेवा. मोबाइलचंही तसंच. विडी वळणाऱ्या बाईच्या केसपेपरवर मुलाचा नंबर असतो, तोच सुनेच्या आणि नातवाच्या केसपेपरवरही असतो. नुसत्या मोबाइलवर दोन नोंदी जोडल्या की सासूची साखर सुनेच्या नावावर जाते.

बाळंतपणाची गोष्ट वेगळी. गरोदरपणाची नोंद सासरी, नवऱ्याच्या नावाने. पहिलं बाळंतपण माहेरी, बऱ्याचदा वडिलांच्या नावाने. मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं. म्हणून माहेरचं नाव हा वेगळा रकाना हवाच. नवजात बाळाला आईच्या क्रमांकावर टाकू नका. ‘बाळ’ म्हणून स्वतंत्र तात्पुरता क्रमांक द्या, आईशी नातं जोडा, आणि जुळी असतील तर जन्मक्रम लिहा. नाही तर बीसीजीची लस आईला दिलेली दिसते.

दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या वाटल्या तरी त्या मिसळू नका, नुसत्या जोडा. जोडलेलं सोडवता येतं, मिसळलेलं नाही. शंकेच्या जोड्या रोज माणसाने बघाव्यात. एका व्यक्तीच्या दोन नोंदी राहिल्या तर तपासणी पुन्हा होते, पैसे जातात. दोन व्यक्तींची एक नोंद झाली तर चुकीचा रक्तगट समोर येतो.

जुन्या संगणकावरून यादी आणताना आणखी एक खोडी असते. शिवाजी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमधली नावं पडद्यावर मराठी दिसतात, पण आत इंग्रजी अक्षरं असतात. आधी ती युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या पद्धतीत बदला, मगच शोध चालेल. युनिकोडमध्येही ‘बोऱ्हाडे’मधला ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकदा नुक्ता (खाली टिंब) असलेल्या ऱने, एकदा साध्या र, हलन्त आणि न दिसणाऱ्या जोडचिन्हाने. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. नेहमीचं युनिकोड प्रमाणीकरण हा फरक मिटवत नाही. त्यासाठी स्वतःचा नियम लिहावा लागतो.

प्लेटलेट १.८

डेंग्यूच्या दिवसांत तालुक्याच्या लॅबमधून रिपोर्ट येतो: प्लेटलेट १.८, एककाचा रकाना रिकामा. लॅबवाल्याच्या मनात लाख आहेत, म्हणजे १.८ लाख, अगदी नॉर्मल. घेणारी प्रणाली हजारात मोजते, तिला १८०० दिसतात आणि ती लाल इशारा देते. उलट प्रकार जास्त घातक. खरोखर १८,००० असताना कुणी ०.१८ लिहिलं आणि टिंब गळलं, तर लाखात मोजणाऱ्या प्रणालीच्या पडद्यावर १८ लाखांचा आकडा येऊ शकतो.

यावर इलाज लॅबच्या दारातच करा. एककाशिवाय निकाल पुढे जाऊच देऊ नका. रिपोर्टवर छापलेली सामान्य मर्यादा बघा: १.५ ते ४.५ असेल तर लाख, १५० ते ४५० असेल तर हजार, १,५०,००० पासून सुरू असेल तर थेट संख्या. हा अंदाज प्रणालीने सुचवावा आणि टेक्निशियनने पक्का करावा. पुढे जाताना १८०, एकक ‘हजार प्रति मायक्रोलिटर’ आणि लॉइंक (चाचण्या ओळखण्याची आंतरराष्ट्रीय कोडयादी) मधला कोड ७७७-३ असं जावं, पण लॅबने लिहिलेला मूळ १.८ देखील सोबत राहू द्या.

‘बीएसएल’ (रक्तातली साखर) या एका शब्दात उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर आणि कधीही काढलेली साखर अशा तीन गोष्टी कोंबलेल्या असतात. लॉइंकमध्ये उपाशीपोटीची १५५८-६, वेळ न पाळलेली २३४५-७. ग्लुकोमीटरवर बोटातून काढलेल्या साखरेचा कोड निराळा. तिन्ही एकाच आलेखावर आल्या तर डॉक्टर गोळी उगाच वाढवतील. मिलिग्रॅममध्ये आणायला मिलिमोलमधल्या साखरेला १८ ने गुणायचं, पण मायक्रोमोलमधल्या क्रिएटिनिनला ८८.४ ने भागायचं, हे जोडणाऱ्या मुलांनी भिंतीवर लिहून ठेवावं.

कोड लावायला हजार चाचण्या घेऊन बसू नका. लॅबमध्ये सगळ्यात जास्त होणाऱ्या पन्नासेक चाचण्या आधी पक्क्या करा. बाकीच्या तूर्त पीडीएफ म्हणून गेल्या तरी चालतील.

संमती दिली, तरी रिकामं

रुग्णाने संमती दिली, तरी मागवलेलं रेकॉर्ड येतच नाही. पहिलं कारण म्हणजे तीन तारखांचा घोळ. एक, कोणत्या काळातली रेकॉर्ड हवीत; दोन, संमती कधीपर्यंत चालेल; तीन, मागवलेली माहिती कधी पुसायची. सॉफ्टवेअरवाले पहिल्या रकान्यात आजची तारीख टाकून मोकळे होतात. मग मागच्या वर्षीचं डिस्चार्ज कार्ड कसं येणार? आणि तिसरी तारीख आलीच तर माहिती खरोखर पुसली जाते का, ते तपासा. ते काम बहुतेक जण विसरतात.

दुसरं कारण म्हणजे जोडणी नोंदणीच्या दिवशी एकदाच झालेली असते. प्रत्येक भेट, प्रत्येक रिपोर्ट स्वतंत्रपणे आभाशी जोडला गेला पाहिजे. संध्याकाळी तयार झालेला रिपोर्ट सकाळच्या जोडणीत नसतोच.

वेळ आणि वीज

५ जुलैला पहाटे ३.४० ला काढलेलं रक्त यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ४ जुलैच्या रात्री १०.१० ला पडतं. वेळेसोबत +०५:३० हा भारताचा फरक लिहिला नसेल तर रिपोर्ट आदल्या दिवशीचा दिसतो आणि ऑपरेशनच्या आधीचा का नंतरचा यावर वाद होतो. संगणकाचं घड्याळ काही मिनिटं जरी पुढे-मागे असलं तरी टोकन, म्हणजे लॉगिनची तात्पुरती चावी, नाकारलं जातं. ‘लॉगिन होत नाही’ म्हटलं की आधी घड्याळ बघा.

प्राथमिक आरोग्य केंद्रात वीज आणि नेट दोन्ही जातं. संदेश स्थानिक रांगेत साठवा, पुन्हा पाठवताना १, २, ४, ८ मिनिटं असं अंतर वाढवत न्या, आणि प्रत्येक प्रयत्नात संदेशाचा क्रमांक तोच ठेवा. नवा क्रमांक दिला की एकाच इंजेक्शनच्या तीन नोंदी होतात.

सुरुवात कधी करायची

आषाढीच्या पंधरवड्यात पंढरपूर, माळशिरस, सांगोल्यात नवं काही सुरू करू नका. मोबाइल हरवलेला, आधार घरी राहिलेला, नाव सांगता न येणारा वारकरी आला तर एका बटणात तात्पुरता केसपेपर निघाला पाहिजे. ओळख नंतर जोडा. चाचणीही ‘टेस्ट पेशंट १’ वर करू नका. ऱ्ह असलेलं आडनाव, १ जूनचा जन्म, घरात एकच मोबाइल आणि जुळी बाळं, अशा बनावट पण सोलापुरी नोंदी करा. त्यावर प्रणाली चालली की एका तालुक्यात सुरू करा, आणि रोज सकाळी तीन आकडे बघा: अडकलेले संदेश, शंकेच्या जोड्या, एककाविना थांबलेले निकाल.