1 जून लिहिण्याआधी : बालगृहात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

एमएसडब्ल्यूचा, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचा, निकाल लागला की दरवर्षी दोन-चार जणांचे फोन येतात. प्रश्न ठरलेला असतो : ताई, बाल न्याय अधिनियम 2015 आधी वाचू की नियम? दोन्ही वाचा. पण त्याआधी माझी चूक ऐका. ती कुठल्याच पेपरला येत नाही.

माझी पहिलीच नोकरी होती. रेल्वे पोलिसांनी रात्री एक मुलगा आणून सोडला. वडील नाहीत, आई ऊसतोडीला गेलेली, गावाचं तेवढं नाव माहीत. वय विचारलं तर म्हणाला, "चौदा असंल." जन्मतारखेचा रकाना रिकामा ठेवू नका असं मला बजावलेलं, म्हणून चौदा वर्षं मागे मोजली आणि 1 जून लिहून टाकली. आपल्याकडे निम्म्या आजोबांचा वाढदिवस 1 जूनलाच असतो, त्यात आणखी एकाची भर. दुसऱ्या दिवशी चोवीस तासांच्या आत त्याला बाल कल्याण समितीसमोर, म्हणजे अशा मुलांबाबत आदेश देणाऱ्या समितीसमोर, हजर केलं. आदेशात मी लिहिलेलंच वय उतरलं.

आठवड्याभरात त्याची दाढ पडली. काळजीवाहक मावशी ती तळहातावर घेऊन ऑफिसात आल्या. "ताई, दुधाची दाढ आहे ही. हे पोरगं चौदाचं नाही." मी हसून फाइल मिटली. ती फाइल अजून डोळ्यांसमोर येते.

आता नीट समजून घ्या, कारण सगळी गोम इथेच आहे. या अधिनियमातलं वय ठरवण्याचं कलम 94. मूल समोर उभं असताना ते अल्पवयीन आहे हे उघड दिसत असेल, तर समिती अंदाजे वय नोंदवून पुढचं काम सुरू करू शकते. शंका असेल तर पुराव्याचा क्रम ठरलेला आहे : आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यातलं काहीच नसेल तरच हाडांची वैद्यकीय चाचणी. समितीनं एकदा वय नोंदवलं की या कायद्यापुरतं तेच खरं वय धरलं जातं.

वाचायला सोपं आहे. आमच्याकडे झालं असं : संस्थेच्या पत्रावरून शाळेनं माझी 1 जून रजिस्टरला चढवली, शाळेवरून ती बोर्डाकडे गेली आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर छापून आली. म्हणजे मी रात्री साडेअकराला मारलेला अंदाज चार वर्षांनी पहिल्या क्रमांकाचा पुरावा होऊन माझ्याच टेबलावर परत आला. कागद कागदाला साक्ष देत होता आणि मुलाला कोणी विचारलंच नव्हतं.

अकरावीची परीक्षा झाली, 1 जून उजाडला, कागदावर अठरा पूर्ण, म्हणजे बालगृह सोडायची वेळ. एक पेटी, एक चादर आणि सगळ्यांच्या सह्या असलेली फाइल घेऊन तो बाहेर पडला. पुढे जातीच्या दाखल्यासाठी गावच्या जिल्हा परिषद शाळेतून त्यानं उतारा काढला. त्यात तारीख होती 11 ऑक्टोबर, तीही मी लिहिलेल्या सालाच्या पुढच्या सालातली. आम्ही साडेसोळा वर्षांचं मूल बाहेर काढलं होतं. समितीकडे अर्ज केला, तारीख लागली, पण तोवर तो एका हॉटेलात कामाला लागला होता. परत यायला तयार झाला नाही. त्याला दोष कसा द्यायचा?

म्हणून सांगते, अंदाज असेल तर "अंदाजे" हा शब्द लिहा. तारीख बनवू नका. गावाचं नाव कळलं की पहिल्या आठवड्यात तिथल्या शाळेला फोन करा, मुख्याध्यापक भेटले नाहीत तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचे ग्रामसेवक) गाठा. अधीक्षक म्हणतील, नंतर बघू. तुम्ही मात्र पत्र पाठवून त्याची पोच फाइलला लावा.

व्हॉट्सअॅपवर सामाजिक तपासणी अहवालाचे, म्हणजे मुलाच्या घरची परिस्थिती सांगणाऱ्या अहवालाचे, तयार नमुने फिरतात, फक्त नाव बदला की झालं. मला ते बघवत नाहीत. कायदा पंधरा दिवस देतो ते मुलाच्या घरी जाऊन यायला. आणि गुरू शोधायचाच असेल तर कार्यशाळांमधल्या भाषणबाजांमध्ये शोधू नका. रात्रपाळीच्या मावशींशेजारी बसा.

बाकी घाबरू नका. समितीसमोर पहिल्यांदा सगळ्यांचेच पाय लटपटतात. अध्यक्ष आणि चार सदस्य माणसंच असतात. माहीत नसेल ते "माहीत नाही, चौकशी करून सांगते" असं सांगितलं तर कोणी खात नाही. एका बाबतीत मात्र मी कडक आहे : वाढदिवसाला केक घेऊन येणाऱ्या देणगीदारांना मुलांच्या चेहऱ्याचे फोटो काढू देऊ नका. कलम 74 खाली मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. देणगीदार रुसतात. रुसू देत.

अठरानंतरचंही आधीच बघून ठेवा. कलम 46 मध्ये संस्थेबाहेर पडणाऱ्याला आर्थिक मदत "देता येईल" असं म्हटलं आहे, "द्यावीच" असं नाही. मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेत अनुरक्षणासाठी, म्हणजे संस्थेबाहेर पडल्यानंतरच्या आधारासाठी, दरमहा 4000 रुपयांची तरतूद आहे, पण मागितल्याशिवाय ती दारात येत नाही. सतरावं लागलं की अर्ज, बँक खातं, आधार ही कामं सुरू करा. अर्थात सतरावं कधी लागलं हे आधी खात्रीनं माहीत हवं.

आणि शाळेचा उतारा मिळाला की दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढा. शिक्का बऱ्याचदा मागच्या बाजूला असतो.