पानं गळलेला वड: इंदूरच्या उन्हाळ्यात बोन्साय सावरायचा कसा

पानं गळाली म्हणून वड मेला असं धरू नका. वड-पिंपळाच्या कुळातली झाडं जागा बदलली, झळ लागली किंवा पाणी चुकलं की आधी पानंच टाकतात. नखानं फांदीची साल जराशी खरवडा. खाली हिरवं, ओलसर दिसलं तर फांदी जिवंत आहे. तपकिरी निघालं तर बुंध्याकडे सरकत पाहत जा. हे पाहिल्याशिवाय कात्री हातात घेऊ नका.

खरा घोटाळा बहुतेक वेळा मातीत असतो. माझ्या गच्चीवर लोक मे महिन्यात झाडं घेऊन येतात. त्यांतल्या कितीतरी झाडांच्या मुळांशी नर्सरीतला काळ्या मातीचा गोळा तसाच असतो. आपली माळव्यातली काळी माती वाळली की आक्रसते आणि तिच्या नि ट्रेच्या (बोन्सायच्या उथळ कुंडीच्या) मधे फट पडते. पाणी त्या फटीतून भोकावाटे निघून जातं आणि गोळा आत कोरडाच राहतो. बुंध्याजवळ लाकडी काडी खोल खुपसून दहा मिनिटांनी काढून बघा. कोरडी आली तर ट्रे कडेपर्यंत पाण्यात बुडवा आणि बुडबुडे थांबले की निथळायला ठेवा.

काडी चिखलानं माखून, कुबट वासाची आली तर उलटं दुखणं आहे. मग झाड अलगद काढून मुळं बघावीच लागतात. काळी, मऊ, बोटांत सोलून येणारी मुळं कापा. टणक मुळांना हात लावू नका. नव्या मिश्रणात विटांचा चुरा दोन वाट्या, जाड वाळू एक वाटी आणि जुनं कंपोस्ट अर्धी वाटी घ्या. चुऱ्यातलं पीठ चाळून टाका, ज्वारीएवढे खडे ठेवा. झाड ट्रेला तारेनं बांधा, कारण ते हललं की कोवळी मुळं तुटतात.

सकाळचं ऊन द्या, दहानंतर सावली. पश्चिमेच्या भिंतीशी ठेवू नका, ती रात्रीपर्यंत तापलेली असते. पानं नसताना झाड पाणी कमी पितं, म्हणून काडी बघूनच पाणी घाला. खत अजिबात नको. लोकांचा हात इथे आवरत नाही, पण दुखऱ्या मुळांना खतातले क्षार जाळतात.

याच दिवसांत वटसावित्री येते. शेजारच्या हिंदीभाषक घरांत अमावास्येला, आपल्याकडे पौर्णिमेला. कुंडीतल्या वडाची पूजा जरूर करा, मीही करते. हळदकुंकू ट्रेला लावा, दूध मातीत ओतू नका, दोरा सैल गुंडाळून संध्याकाळी सोडा आणि फांदी मात्र तोडू नका.

पावसाची हवा लागली की टोकाच्या कळ्या फुगतात आणि तांबूस कोवळी पानं येतात. ती पूर्ण हिरवी नि जाड होईपर्यंत थांबा. मग पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्मं खत पाण्यातून द्या. छाटणी आणि फांद्या वळवायच्या तारा पुढच्या वर्षी.