शेततळ्यात सोडायचा तापमान सेन्सर जलरोधक कसा करावा

नाशिक परिसरातील शेततळ्यांत मत्स्यपालन करणाऱ्याला पाण्याचे तापमान केवळ पृष्ठभागावर मोजून भागत नाही. २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांना हेच प्रमाण साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येते. शिवाय उन्हाळ्यात वरचा थर तापलेला आणि तळाचा थर गार अशी स्थिती असते. म्हणून सेन्सर दोन-तीन मीटर खोल, महिनोन्‌महिने बुडालेला राहावा लागतो.

या कामासाठी डीएस१८बी२० हा डिजिटल सेन्सर मी निवडतो. उणे १० ते ८५ अंशांच्या टप्प्यात त्याची अचूकता अर्ध्या अंशाच्या आत असते आणि डेटाची तार व विद्युतपुरवठा यांच्यामध्ये ४.७ किलोओमचा एक रेझिस्टर (विद्युतरोध) जोडला की एकाच तारेवर अनेक सेन्सर चालतात. निवडीचे खरे कारण मात्र वेगळे आहे. १० किलोओमच्या थर्मिस्टरमध्ये (तापमानानुसार ज्याचा विद्युतरोध बदलतो अशा साध्या सेन्सरमध्ये) ओल शिरून तारांमध्ये १०० किलोओमची विजेची गळती निर्माण झाली, तर तो २५ अंशांच्या पाण्यात सुमारे २ अंश जास्त दाखवतो आणि हे आकडे इतके पटण्याजोगे असतात की चूक लक्षातच येत नाही. डिजिटल सेन्सरमध्ये ओल शिरली की सहसा वाचनच बंद पडते, किंवा सेन्सर वाचणाऱ्या आर्डुइनो या छोट्या संगणकीय बोर्डावर उणे १२७ असा अशक्य आकडा दिसतो. बिघाड उघडपणे कळणे हे मत्स्यपालकासाठी फार मोलाचे आहे.

बाजारात स्टेनलेस स्टीलच्या नळीत बसवलेले तयार सेन्सर मिळतात. मी घेतलेल्या पहिल्या तिन्ही सेन्सरनी काही आठवड्यांतच दम तोडला, तेव्हा मी ते कापून पाहिले. नळीचे पुढचे बंद टोक तिघांचेही कोरडे होते. पाणी शिरले होते ते मागून, जिथे केबल नळीत जाते तिथून. त्या तोंडाशी लाखेसारखा थोडासा थर होता आणि आत मोकळी हवा होती. दुपारी उन्हात तापलेला असा सेन्सर गार पाण्यात सोडला की आतली हवा आकुंचन पावते आणि सूक्ष्म फटीतून पाणी आत ओढून घेते. म्हणून सुटा सेन्सर घेऊन नळी स्वतः भरावी; तिच्यात हवेचा कण उरू न देणे हेच या कामातील मुख्य सूत्र आहे.

दुसरी वाट केबलच्या आतून असते आणि तिच्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. केबलच्या आवरणाला कुठेही चीर पडली, तर बारीक तारांच्या झुबक्यातून पाणी वातीतल्या तेलासारखे पुढे सरकत सेन्सरपर्यंत पोहोचते. हे रोखण्यासाठी तिन्ही तारांचे आवरण पाच-सहा मिलिमीटर सोलून, उघड्या तारांमध्ये सोल्डर पूर्ण भिनेपर्यंत तापवावे, म्हणजे तारांमधील पोकळी भरून निघते. हा भाग पुढे नळीत भरायच्या एपॉक्सीत (दोन घटक मिसळून घट्ट होणाऱ्या राळेत) गाडला जाईल अशा बेताने ठेवावा. सेन्सरच्या पायांना डाग देऊन झाल्यावर प्रत्येक सांध्यावर स्वतंत्र श्रिंक ट्यूब (तापवल्यावर आवळून बसणारी प्लास्टिकची नळी) चढवावी, परंतु सोल्डर भिनवलेला सोललेला भाग उघडाच राहू द्यावा. त्या ठिकाणी तारा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्या वेगवेगळ्या उंचीवर सोलाव्यात.

एपॉक्सी गुळगुळीत पीव्हीसीला नीट धरत नाही. त्यामुळे केबलचे बाहेरचे आवरण तीन सेंटिमीटरपर्यंत पॉलिश पेपरने खरबरीत करावे, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे आणि त्यानंतर तिथे बोट लावू नये. टेफ्लॉनच्या आवरणाची केबल मात्र घेऊच नये, कारण तिला एपॉक्सी जवळजवळ चिकटत नाही. पाच मिनिटांत घट्ट होणाऱ्या एपॉक्सीचा मोहही टाळावा. सावकाश, चोवीस तासांत पक्के होणारे एपॉक्सी पाण्यात अधिक टिकते. ते सिरिंजमध्ये भरून सुई नळीच्या तळापर्यंत न्यावी आणि खालून वर भरत यावे, म्हणजे हवा वरच्या वर बाहेर पडते. मग सेन्सर हळूहळू आत दाबून नळीच्या भिंतीला टेकवावा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत एपॉक्सी घट्ट व्हायला जास्त वेळ लागतो, तेव्हा दोन दिवस थांबलेले बरे. शेवटी नळीचे तोंड आणि केबल यांवर आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब बसवावी आणि दोन्ही कडांतून गोंद किंचित बाहेर येईपर्यंत तापवावी. सिलिकॉन वापरायचेच असेल, तर व्हिनेगरसारखा वास येणारे घेऊ नये; त्यातून सुटणारे आम्ल तांबे खाते.

तळ्यात सोडण्यापूर्वी परीक्षा कठोर असावी. सेन्सर दहा मिनिटे ६० अंशांच्या पाण्यात ठेवून लगेच गार, मीठ घातलेल्या पाण्यात बुडवावा आणि रात्रभर तसाच राहू द्यावा. सकाळी केबलच्या तिन्ही तारा एकत्र पिळून मल्टिमीटरचे एक टोक त्यांना व दुसरे मिठाच्या पाण्यात लावावे. सर्वांत वरच्या रेंजवर काहीच वाचन येऊ नये. काही मेगाओम जरी दिसले, तरी तो सेन्सर बाजूला काढावा.

तापमानाची जुळणी ठेचलेल्या बर्फाच्या ओल्या गाळात, शून्य अंशाशी करावी. उकळत्या पाण्याशी जुळणी करणाऱ्याने लक्षात ठेवावे की नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच असल्याने इथे पाणी १०० नव्हे, साधारण ९८ अंशांना उकळते. शिवाय त्या उष्णतेत पीव्हीसीची केबल मऊ पडून एपॉक्सीपासून सुटू शकते, म्हणून तळ्यासाठीच्या सेन्सरला मी उकळत्या पाण्यात कधीच घालत नाही.

सेन्सर केबलने लोंबकळू न देता वजन बांधलेल्या नायलॉनच्या दोरीला बांधावा, म्हणजे ताण दोरीवर येतो आणि नळीच्या तोंडाशी केबल हलत नाही. वजनाला धारदार कडा नसावी, नाहीतर तळ्याचा प्लास्टिक कागद फाटतो. काठावरच्या पेटीत केबल खालच्या बाजूने शिरवावी आणि शिरण्यापूर्वी तिला एक झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी केबलवरून ओघळून पेटीत न जाता झोळाच्या तळाशी ठिबकते.